सात लाल फुल्या

सारजा देवकाते मिश्री लावत नसे. बारामती-इंदापूर भागात पस्तिशीची बाई मिश्री लावत नाही म्हटल्यावर लोक आधी तिच्या दातांकडं बघत आणि मग तिच्याकडं संशयानं बघत. सारजा कामावर जायच्या आधी कांदा खात नसे, लसणाची चटणी खात नसे, वासाचं तेल लावत नसे, आणि गजरा तर लग्नातसुद्धा दुसरीच्या डोक्यात बघून समाधान मानत असे. शेजारणी म्हणत, "लई नाकानं कांदं सोलती." म्हणू देत. सारजाला पगार मिळत होता तो त्या नाकाचाच.

बारामतीच्या एमआयडीसीत एक खासगी डेअरी होती. सकाळी सहापासून गावोगावचे टेम्पो तिथं लागत आणि चाळीस-चाळीस लिटरचे दुधाचे कॅन डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या उंच ओट्यावर, धडाधड उतरत. सारजा एकेका कॅनचं झाकण उचलायची, उलटं करून नाकाशी धरायची आणि म्हणायची, "चांगलं." तो कॅन डावीकडं, मोठ्या टाकीकडं जायचा. "आंबट" म्हणाली की उजवीकडं, मोरीकडं. एका कॅनला दोन श्वास. एक आंबट कॅन चुकून टाकीत गेला तर पाच हजार लिटर दुधाची माती व्हायची, म्हणून डॉकवर तिच्या शब्दाला कुणी उलटून बोलत नसे. लॅबवालेसुद्धा ती "जरा बघा" म्हणाली तरच नळी घेऊन यायचे. आलेल्या प्रत्येक कॅनचा नंबर ती वहीत लिहायची आणि उजवीकडं गेलेल्यापुढं लाल पेन्सिलीनं फुली मारायची. नऊ वर्षांत तिची एक फुली चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

नाक बापाचं होतं. आबाजी वाघमोडे मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. एखादं मेंढरू आजारानं बसायच्या दोन दिवस आधी ते लोकरीच्या वासावरून सांगायचे की हे आता बसणार. पण पोरीनं घोड्यावर बिऱ्हाड टाकून हिंडू नये असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी सारजाला बहिणीकडं ठेवली. ही बहीण म्हणजे धोंडाबाई खताळ. कळंबच्या पलीकडं, नीरा नदीच्या अंगाला, खताळवस्ती म्हणून तीस-बत्तीस घरं आहेत, तिथं ती नांदत होती. आत्यानं भाचीला दहावीपर्यंत शिकवलं, आणि स्वतःच्या पोरांच्या आधी तिच्या ताटात भाकरी वाढली. सारजाच्या आयुष्यात जे काही उभं होतं त्याच्या बुडाशी ही बाई होती.

पुढं कालव्याचं पाणी आलं. वस्तीनं मेंढरं विकली, बैल घेतले, जर्सी गायी घेतल्या. धोंडाबाईनं घरोघर जाऊन बायका गोळा केल्या आणि दूध केंद्र काढलं. वस्तीपासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर. सकाळी चार कॅन आणि संध्याकाळी तीन कॅन बैलगाडीनं रस्त्यावर जायचे आणि तिथून टेम्पोनं डेअरीत. ज्या बाईच्या हातात आयुष्यभर नवऱ्याशिवाय कुणी काही दिलं नव्हतं, तिच्या नावाचं दूधकार्ड झालं. त्या कार्डाला बायका हळद-कुंकू लावायच्या, हे मी बघितलेलं आहे.

शहाण्णवच्या दसऱ्याला डेअरीत कंप्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, थंड हवेचं यंत्र बसलं आणि दारावर पाटी लागली, 'चपला बाहेर काढाव्यात.' देवळातसुद्धा लोक इतक्या भक्तीनं चपला काढत नसतील. आत बसायची अंजली कांबळे. इंदापूरची पोर, वडील शिक्षक, पुण्याला जाऊन कंप्युटरचा कोर्स करून आलेली. सारजाच्या वहीतले आकडे रोज दुपारी ती त्या यंत्रात भरायची.

जानेवारीत मॅनेजर भानुदासरावांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "यापुढं या कंपनीत निर्णय आकड्यांवर होणार. कुणाच्या ओळखीवर नाही, कुणाच्या रागलोभावर नाही. तीन महिन्यांत ज्या केंद्राचे पंधरापेक्षा जास्त कॅन आंबट, ते केंद्र बंद."

हे बोलणं वाईट नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू. त्याच्या आधी एक केंद्र बंद झालं होतं ते तिथल्या अध्यक्षानं मॅनेजरला रामराम घातला नाही म्हणून. त्यापेक्षा आकडा बरा. सारजालाही ते पटलं होतं. तिची फुली आता कुणीतरी वाचणार होतं.

दोन जूनला सूचनाफलकावर कागद लागला. मार्च, एप्रिल, मे. पंधराच्या वर एकच केंद्र होतं. खताळवस्ती, तेवीस कॅन. पंधरा जूनपासून बंद.

सारजानं तो कागद दोनदा वाचला. तेवीसच्या तेवीस फुल्या तिच्या हातच्या होत्या. मारताना तिनं कधी केंद्राचं नाव बघितलं नव्हतं, नंबर बघायचा आणि पुढं सरकायचं. आता ते सगळे नंबर एका जागी येऊन तिच्या आत्याच्या उंबऱ्यावर बसले होते.

संध्याकाळी धोंडाबाई घरी आलीच. साठीची बाई, पण चालणं असं की पायाखालचा खडा बाजूला व्हावा. सारजानं चहा ठेवला.

"सारजे, कागद लागला म्हनं."

"व्हय आत्या."

"फुल्या तूच मारतीस न्हवं?"

"मीच."

"मग तीन म्हैन्यात आठ-दहा कमी झाल्या तर कुनाचं काय जातंय? वही तुजी, पेन्सिल तुजी. बत्तीस घरं हाईत गं. त्या रखमाचं पोरगं त्याच दुधावर शिकतंय."

चहा उतू गेला तरी सारजाचं लक्ष नव्हतं. मग उरलेला चहा आत्यापुढं ठेवून म्हणाली, "आत्या, दूध आंबट हुतं. मी आंबट लिवलं. त्येवढं सोडून काय बी सांग."

"म्हंजी आमी नासकं दूध घालतो?"

"तसं म्या म्हनलं न्हाय. का नासतंय ते हुडकीन. पर फुली न्हाय पुसायची."

धोंडाबाई उठली. पुढं ठेवलेला चहा तसाच राहिला. दारातून म्हणाली, "माज्या ताटात जेवलीस," आणि गेली. त्या रात्री सारजा रडली, आणि सकाळी उठून रोजच्यासारखी पाळीला गेली.

पाळी सुटल्यावर तिनं चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या खोलीत पाऊल टाकलं.

"मॅडम, तुमच्या यंत्रात खताळवस्तीचं तेवीस हाईत त्ये दिसतंय. कवा कवा, त्ये दिसतंय का?"

अंजलीनं मान वर केली. इतक्या महिन्यांत तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांना महिन्याची बेरीज हवी असायची, ती बेरीज काढून द्यायची. तिनं तारखा काढल्या. सात कॅन नऊ मार्चला. सात कॅन आठ एप्रिलला. सात कॅन सात मेला. बाकी दोन इकडंतिकडं, तेवढे कुठल्याही केंद्राचे निघतात.

"अगं बाई," अंजली म्हणाली, "रोज नासत नाहीच मुळी. महिन्यात एकदाच, आणि सगळंच्या सगळं. पहिल्या आठवड्याच्या आसपास. त्या दिवसांत काय असतं वस्तीवर?"

सारजानं पिशवीतून गेल्या वर्षीची वही काढली. तिच्या घरात भांडी ठेवायला जागा नव्हती, पण नऊ वर्षांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत होत्या. पानं उलटली. गेल्या वर्षी अठरा एप्रिल. पुढं अठरा मे. पहिला आठवडा कुठल्या कुठं उडून गेला.

"आणखी एक," अंजली पडद्याकडं बघत म्हणाली. "ताई, सकाळी त्यांचे चारच कॅन येतात ना? या तिन्ही दिवशी सात आलेत."

"सांजंचं तीन आन् सकाळचं चार," सारजा पुटपुटली. ती फक्त सकाळची पाळी करायची. संध्याकाळची वही रतन लिहायचा, आणि ती वेगळ्या कपाटात असायची. अंजली ती घेऊन आली. आठ मार्चची संध्याकाळ, खताळवस्तीपुढं रिकामी जागा. सात एप्रिल, रिकामी. सहा मे, रिकामी. दोन वह्या दोन कपाटांत होत्या आणि यंत्रात त्यांच्या बेरजा दोन वेगळ्या कागदांवर निघत होत्या. शेजारी शेजारी त्या कधी कुणी ठेवल्याच नव्हत्या.

म्हणजे आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर वस्तीवरच राहत होतं. पण महिन्यात एकाच दिवशी का? आठ, सात, सहा. दर महिन्याला एक दिवस मागं. सारजाचे ओठ हलत होते. मग ती एकदम उठून कॅन्टीनकडं चालू लागली, अनवाणीच, आणि अंजली तिच्यामागं. कंपनीच्या कॅलेंडरवर नुसती यंत्रांची चित्रं होती. कॅन्टीनच्या भिंतीवर तिथीचं कॅलेंडर होतं. सारजानं सहा मेवर बोट ठेवलं. तिथं काळा भरीव गोल होता.

"अवस!" ती म्हणाली. "अमावस्या! अवसंला दिस उगवल्यावर बैल जुंपत न्हाईत! सकाळची खेप उजाडायच्या आत हुती."

अंजली हसायलाच लागली. "मला कसं सुचावं? आमच्याकडं पौर्णिमेला विहारात जातात. अमावस्या घरात कुणी बघत नाही."

"आन् मला तरी कसं सुचंल? माज्या बाच्या दारात बैल कुटं हुता? आत्याकडं बी तवा मेंढरंच हुती. मेंढराला अवस नसती, त्ये रोज चालतंय." एवढं म्हणून सारजा तिथंच बाकावर बसली. नऊ वर्षं ती हे दूध हुंगत होती आणि वस्तीची गाडी महिन्यात एक दिवस सुटते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद वाटला.

भानुदासरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "एवढा लाखाचा कंप्युटर आणला, आणि तुम्ही मला सांगताय की अमावस्येनं दूध नासतं?"

"अवसंनं न्हाय नासत, साहेब. गाडी येत न्हाय म्हनून नासतंय. थंडीत रातभर टिकतं, म्हनून फेब्रुवारीपातुर काय कळलं न्हाय."

"खताळवस्तीची धोंडाबाई तुझी कोण?"

"आत्या."

"हां." त्या एका 'हां'मध्ये सगळं आलं. अंजलीनं तोंड उघडलं, पण सारजा आधी बोलली. "साहेब, परवा बेस्तरवारी अवस हाय. शुक्रवारी सकाळी तुमी सोता डॉकवर हुबं ऱ्हावा. सातच्या सात कॅन आंबट येतील. न्हाय आलं तर केंद्र बंद करा, मी एक शबुद बोलनार न्हाय."

"वहीत लिहून ठेव," साहेब म्हणाले. तिनं लिहिलं, तारखेसकट, आणि खाली सही केली.

बुधवारी ती वस्तीवर गेली. धोंडाबाई गोठ्यात होती, "ये" म्हणाली नाही. सारजा उंबऱ्याजवळच उभी राहिली आणि विचारलं, की अवसंच्या सांजच्या दुधाचं काय करता. धोंडाबाईनं सांगितलं, त्यात लपवण्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. कॅन रात्रभर पाण्याच्या हौदात ठेवायचे, आणि सकाळी ते दूध ताज्या दुधात सगळ्या कॅनमध्ये सारखं वाटून टाकायचं. "सांजंला घालनारीच्याच वाट्याला खोट का? समद्यांच्यात थोडं थोडं."

सारजानं कपाळाला हात लावला. तीन कॅन बिघडायचे, ते वाटणीच्या न्यायानं सात बिघडत होते. असा न्यायीपणा दुसऱ्या कुठल्या वस्तीला सुचला नसता. तिनं आत्याला सगळं समजावलं, आणि शेवटी बजावलं, "उद्या काय बी बदलू नका. दर अवसंला करता तसंच करा. साहेबाला दावायचंय."

"म्हंजी आमचं दूध नासल्यालं तू चारचौघांम्होरं दावनार?"

"येकडाव. मग कायमचं मिटंल."

धोंडाबाई गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सारजानं तो होकारच धरला. आत्याच्या हाताखाली वाढलेल्या पोरीनं ही चूक करायला नको होती.

शुक्रवारी सहाला भानुदासराव डॉकवर हजर. अंजली हजर. हमाल, लॅबवाले, बॉयलरवाला, सगळे कामाचं निमित्त काढून आसपास. कळंबचा टेम्पो लागला. ड्रायव्हर अप्पानं मागचा फळका पाडला आणि खताळवस्तीचे कॅन ओढले. एक, दोन, तीन, चार.

"बाकीचे?" सारजानं विचारलं.

"चारच हाईत," अप्पा म्हणाला, आणि का कोण जाणे तोंड फिरवून हसला.

सारजानं पहिलं झाकण उचललं, उलटं केलं, नाकाशी धरलं. दूध ताजं होतं. कोवळ्या कडवळाच्या चाऱ्याचा वास, गायीच्या अंगाची ऊब, दुसरं काही नाही. तिनं पुन्हा एकदा श्वास घेतला. नऊ वर्षांत तिनं एका झाकणाला तिसरा श्वास कधी घेतला नव्हता, आज घेतला.

भानुदासराव दोन हात अंतरावर उभे होते. तिची सही असलेली वही त्यांच्या बगलेत होती. सारजानं फक्त "आंबट" म्हणायचं होतं. तिच्या शब्दावर लॅबवाला नळी घेऊन येणार नव्हता. हमालानं कॅन मोरीत पालथा केला असता, चार कॅन चार मिनिटांत वाहून गेले असते, साताचे चार झाले तरी सारजा खरी ठरली असती आणि बत्तीस घरांचं केंद्र वाचलं असतं. हे सगळं तिला त्या तिसऱ्या श्वासात लख्ख दिसलं.

"चांगलं," ती म्हणाली.

दुसरा कॅन. "चांगलं." तिसरा. चौथा. चारही डावीकडं गेले. तिनं साहेबांकडून वही मागून घेतली, चार नंबर लिहिले आणि पुढं फुली मारली नाही. ज्या पानावर तिनं सात आंबट येतील म्हणून सही केली होती, त्याच पानावर.

"म्हणजे तुमच्या अमावस्येत काही दम नाही," भानुदासराव म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं. ते वळले.

"दम हाय साहेब, पर आमच्यात हाय," टेम्पोच्या केबिनमधून आवाज आला. धोंडाबाई खाली उतरत होती. मागोमाग आणखी दोन बायका. धोंडाबाईच्या हातात फडक्याची चुंबळ होती, डोक्यावर भांडं ठेवताना खाली घेतात ती. "काल अवस हुती. बैलं न्हाई जुंपली. मग आमीच सोताला जुंपून घेतलं. बारा बायकांनी बारा कळश्या डोक्यावर घेतल्या आन् सांजंलाच दूध सडकंला आनून कॅनात वतलं. इचारा अप्पाला."

"आत्या, मी बदलू नका म्हनलं हुतं!" सारजा ओरडली. तिला भयंकर राग आला होता, आणि रागातच डोळे भरून आले होते.

"तू म्हनलीस. आमी आमचं दूध चारचौघांत नासकं निघू देनार न्हाय."

अंजली तेवढ्यात आत पळाली होती. परत आली ती अनवाणी, चपला काचेच्या दाराशीच राहिलेल्या, आणि हातात रतनची संध्याकाळची वही. तिनं ती साहेबांच्या पुढं उघडली. पाच जून, संध्याकाळ, खताळवस्ती, तीन कॅन, चांगले. "सर, मार्चपासूनच्या अमावस्यांत ही पहिली संध्याकाळ, जिथं जागा रिकामी नाही. आणि ही पहिली सकाळ, जिला एक फुली नाही. मधे बदललं ते एवढंच."

भानुदासरावांनी दोन वह्या शेजारी शेजारी धरल्या. मग सारजाला म्हणाले, "हे तुला माहीत होतं?"

"न्हाय साहेब."

"मग आंबट म्हणाली असतीस तर काम झालं असतं तुझं."

"झालं असतं. पर मग उद्यापास्नं माज्या फुलीवर तुमी काय ठरवनार हुता?"

साहेब सूचनाफलकाकडं गेले आणि टाचणी काढून कागद स्वतःच्या हातानं उतरवला. दर अमावस्येला संध्याकाळी टेम्पो तीन किलोमीटर आत, थेट वस्तीवर जाईल, असं त्यांनी अप्पाला तिथंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात अंजलीनं यंत्रात तारखेशेजारी एक नवा रकाना घातला, तिथी-वाराचा. दोन्ही पाळ्यांच्या वह्या एकाच कागदावर निघायला लागल्या. त्या रकान्यामुळं पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन केंद्रं वाचली. त्यातल्या एकाचं दूध तर दर बाजारच्या दिवशी उन्हात ताटकळायचं. पुण्याहून मोठे साहेब बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. अंजलीनं डॉककडं बोट दाखवलं.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी पाळी सुटल्यावर धोंडाबाई भाचीबरोबर तिच्या घरी गेली. सारजा तिच्याशी बोलत नव्हती. तरी तिनं चहा ठेवला, या वेळी उतू जाऊ दिला नाही, आणि कपबशी आत्यापुढं सरकवली.

धोंडाबाईनं चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली. "सारजे, मी केबिनीतनं समदं बगत हुते," ती म्हणाली. "आज तू आमच्या ताज्या दुधाला आंबट म्हनली असतीस ना, केंद्र वाचलं असतं तरी मी तुज्या दारात पुन्यांदा आले नसते."

मग तिनं बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला आणि आणखी मागितला.